हिमाविना हिमनिवारण : धनजच्या धोंड्याचा विचार

हिवाळी वाहनबंदी ही संज्ञा वऱ्हाडातील वाचकाच्या कानावरून गेलेली नसल्याने प्रथम तिचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ज्या थंड शहरांत आकाशातून पडलेला बर्फ रस्त्यावर गुडघाभर साचतो, तेथील नगरपालिका ठरावीक रात्री रस्त्याच्या कडेला वाहने उभी करण्यास मनाई करते, म्हणजे पुढे लोखंडी फाळ बसवलेली गाडी अडथळ्याविना रस्ताभर फिरून बर्फ बाजूला लोटू शकते आणि सकाळी माणसे कामाला जाऊ शकतात. या व्यवस्थेचे तीन घटक आहेत : मनाई, मनाईचे कारण आणि मनाई केल्यावर त्याच रात्री प्रत्यक्ष येणारी गाडी. महाराष्ट्रात यांपैकी पहिला घटक मुबलक आहे, दुसरा ऐच्छिक मानला जातो आणि तिसऱ्याचा उल्लेख निविदेत आढळतो.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज बुद्रुक या गावाला (बुद्रुक हे फारसी ‘बुजुर्ग’ या शब्दाचे मराठमोळे रूप असून त्याचा अर्थ ‘थोरले’ असा होतो) स्वतःचे पोलीस ठाणे आहे, परंतु बर्फ नाही. येथील हिवाळा येतो तो धुईच्या रूपाने, म्हणजे पहाटेच्या दाट धुक्याने, जे तुरीचा फुलोरा गाळते आणि सूर्य वर येताच कोणतीही जबाबदारी न स्वीकारता निघून जाते. वऱ्हाडाच्या रस्त्यावर खरा बर्फ पडतो तो फक्त गारपिटीत, जशी ती २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झाली. पण गार ही वस्तू प्रशासनाच्या दृष्टीने अत्यंत समजूतदार असते, कारण तलाठी पंचनाम्याला, म्हणजे पंचांसमक्ष नुकसानीची नोंद करण्याला, येऊन पोचण्याच्या आत ती वितळलेली असते आणि मागे उरते ते केवळ पीक, ज्याच्या बाबतीत ते गारेनेच पडले की आधीपासूनच आडवे होते, याविषयी विद्वानांत मतभेद होऊ शकतात.

असे असूनही दसऱ्यापासून तूर घरात येईपर्यंतच्या काळात जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणे येथील डांबरी रस्त्यांवरही एक थर साचतो. तो बोटभर जाडीचा, फिकट पिवळा असून वरून पडत नाही, तर पोत्यातून पडतो. हा थर सोयाबीनचा होय. थंड शहरांतील नागरिक आपल्या रस्त्यावरील थर कधी एकदा जातो याची वाट पाहतात, तर येथील नागरिक तो थर दिवसा पायाने उलथतात, त्यात नांगरटीसारख्या सरी पाडतात, संध्याकाळी त्याचा ढीग करून वर ताडपत्री ओढतात आणि रात्री त्याच्या शेजारी घोंगडी घेऊन राखणीला झोपतात. हिमशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात बर्फाशेजारी झोपणाऱ्या नागरिकाची नोंद नसावी.

या थराची कारणमीमांसा करताना खळे या संस्थेचा ऱ्हास लक्षात घ्यावा लागतो. शेताच्या एका कोपऱ्यात जमीन चोपून, शेणाने सारवून, मधोमध तिवडा म्हणजे बैल बांधून गोल फिरवण्याचा खांब रोवून केलेल्या मळणीच्या जागेला खळे म्हणत. ज्वारीच्या काळात ती शेताची बैठकीची खोली होती. पुढे वाटण्या होऊन शेते आखूड झाली, ज्वारी-कपाशीच्या जागी सोयाबीन पसरले, बैलांच्या जागी मळणीयंत्र आले आणि खळ्याइतकी जमीन रिकामी ठेवणे कोणालाच परवडेनासे झाले. त्याच सुमारास शासनाने गावोगाव डांबरी रस्ते पोचवले. काळी, सपाट, कोरडी, उन्हाने तापणारी, धुळीपासून उंच आणि भाडे न मागणारी जागा शेतकऱ्याच्या दाराशी आल्यावर तिचा उपयोग केवळ येण्याजाण्यासाठी करणे हा त्याला निव्वळ अपव्यय वाटला असल्यास नवल नाही.

परंतु वाळवण्याची ही घाई शेतकऱ्याच्या मनातून आलेली नाही. ती एका आकड्यातून आली आहे. हमीभावाने, म्हणजे केंद्र सरकारने हंगामाआधी जाहीर केलेल्या किमान आधारभूत किमतीने, सोयाबीन घेताना त्यातील ओलावा १२ टक्क्यांहून अधिक चालत नाही, असा खरेदीचा नियम आहे. परतीचा पाऊस मात्र हा नियम वाचून येत नाही. खरेदी केंद्रावर आणि बाजारातही एक लहानसे यंत्र मूठभर दाणे गिळून एक आकडा दाखवते, त्याला सर्वजण ‘मॉइश्चर’ म्हणतात, आणि तो जास्त निघाला की केंद्र माल परत पाठवते किंवा व्यापारी भाव पाडतो. अशा स्थितीत शासनाने ओलाव्याची मर्यादा ठरवली, ओलावा मोजण्याचे यंत्र ठेवले, पण ओलावा घालवण्याची जागा सांगायची राहून गेली; ही त्रुटी सार्वजनिक बांधकाम विभागाने अजाणता भरून काढली, याबद्दल त्या विभागाचे अभिनंदन करण्याचा ठराव अद्याप कोणत्याही ग्रामसभेत कसा आला नाही, हे आश्चर्यच आहे.

या थराच्या संरक्षणासाठी जी वाहनबंदी अस्तित्वात आली, तिचे साधन म्हणजे धोंडा. सोयाबीन पसरले की त्याच्या कडेने हात-दीड हात अंतरावर धोंडे मांडले जातात. धोंडे अपुरे पडल्यास बाभळीची फांदी, रिकामा डबा किंवा जुने टायर त्यांच्या मदतीला येते. या बंदीसाठी अधिसूचना निघत नाही, हरकती मागवल्या जात नाहीत, फलक रंगवला जात नाही, आणि तरीही महाराष्ट्रात काटेकोरपणे पाळली जाणारी वाहनबंदी कोणती असेल तर ती हीच, कारण फलकाकडे दुर्लक्ष केल्यास फार तर दंड होतो, तर धोंड्याकडे दुर्लक्ष केल्यास गाडीचे चेंबर फुटते. मोटारसायकलस्वार, एसटीचा चालक आणि खुद्द पोलिसांची जीप असे सर्वजण धोंड्याला वळसा घालून जातात, आणि कायद्यापुढील समानतेचे इतके निर्मळ दर्शन न्यायालयाबाहेर क्वचितच घडते.

धोंडा ही केवळ वऱ्हाडी बुद्धीची उपज आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेतील शिकागो शहरात बर्फ पडल्यावर रहिवासी आपल्या गाडीपुरती जागा फावड्याने मोकळी करतो आणि गाडी घेऊन कामावर जाताना त्या जागेत मोडकी खुर्ची, इस्त्रीचे टेबल किंवा झाडू ठेवून जातो. या प्रथेला तेथे ‘डिब्स’ म्हणतात, आणि तिला कायद्याचा आधार नसला तरी खुर्ची हलवण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. बॉस्टन शहराने तर या खुर्चीशी तह केला असून हिम-आणीबाणी, म्हणजे बर्फ हटवण्यासाठी पालिकेने जाहीर केलेली निर्बंधांची मुदत, उठल्यानंतर ४८ तासांपर्यंत ती जागेवर राहू दिली जाते. वऱ्हाडातून तिकडे नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला या प्रथेचे तत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नसणार. खुर्ची पाहताच त्याला गावचा धोंडा आठवत असेल आणि इतक्या प्रगत देशात लोकांना साधे दगड मिळू नयेत याची हळहळही वाटत असेल.

रस्त्याची बाजू वाटून देण्याचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अधिक गहन आहे. अमेरिकेतल्याच मिनीआपोलिस शहरात हिम-आणीबाणी जाहीर झाली की पहिल्या रात्री मुख्य मार्ग मोकळे ठेवावे लागतात, दुसऱ्या दिवशी इतर रस्त्यांची सम घरक्रमांकांची बाजू आणि तिसऱ्या दिवशी विषम क्रमांकांची बाजू रिकामी करावी लागते, म्हणजे फाळाची गाडी एकेक बाजू साफ करत जाते. पुण्यासारख्या शहरांतही सम तारखेला एका बाजूस आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूस वाहने लावण्याचे फलक आहेत. फरक इतकाच की मिनीआपोलिसमध्ये रिकाम्या बाजूवर साफसफाईची गाडी येते, तर पुण्यात रिकाम्या बाजूवर दुसरी मोटार येते. धनजसारख्या गावात हा सारा हिशेब निसर्गाने मिटवला आहे. येथे बाजू ठरते ती घराच्या क्रमांकाने किंवा तारखेने नव्हे, तर सावलीने : कडुनिंबाची सावली जिकडे असेल तिकडे वाहन, ऊन जिकडे असेल तिकडे सोयाबीन आणि दोहोंच्या मध्ये जे उरेल त्यास रहदारी असे म्हणतात. सूर्य माथ्यावरून कलला की वाहने आपसूक बाजू बदलतात. सम-विषमाची इतकी अचूक अंमलबजावणी एकही शिपाई न नेमता करणारी दुसरी यंत्रणा दाखवणे अवघड आहे.

कायदा याबाबत गप्प आहे असे नाही. सार्वजनिक मार्गावर अडथळा किंवा धोका निर्माण करणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ अन्वये २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ने ही मर्यादा ५,००० रुपये केली. त्याच वर्षीच्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. रस्ता अडवण्याचा कमाल दंड आणि रस्ता अडवणाऱ्या एका क्विंटलची किंमत यांत केवळ १०८ रुपयांचे अंतर राहावे, हा योगायोग दोन वेगवेगळ्या मंत्रालयांनी एकमेकांना न विचारता साधला. पुढील हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये झाला आणि दंड मागे पडला. अर्थात हमीभाव हा जाहीर होण्याचा भाव असून मिळण्याचा भाव वेगळा असू शकतो, तर दंडाच्या बाबतीत असा भेद करण्याची प्रथा नाही.

येथे थंड शहरांचा फार गौरव करण्याचेही कारण नाही, कारण मनाईला कारणापासून सोडवण्याची कला त्यांनाही अवगत आहे. शिकागोत दरवर्षी १ डिसेंबरपासून १ एप्रिलपर्यंत १०७ मैल लांबीच्या प्रमुख रस्त्यांवर पहाटे ३ ते ७ वाहने लावण्यास बंदी असते, आणि बर्फ पडो अथवा न पडो, गाडी उचलून नेलीच जाते. आकाश निरभ्र असताना हिमबंदीचा दंड भरणाऱ्या त्या नागरिकाशी महाराष्ट्रातील वाहनचालकाचे बंधुत्वाचे नाते जुळावे. तथापि त्या शहराने एकदा हिशेब उलटाही केला आहे. १९७९च्या जानेवारीत प्रचंड हिमवादळानंतर रस्ते वेळेत साफ झाले नाहीत, तेव्हा पुढच्याच महिन्यातील पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकेल बिलँडिक यांना जेन बर्न यांनी हरवले आणि पुढे बर्न त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. रस्ता साफ न केल्याबद्दल सत्ता जाऊ शकते, ही कल्पना आपल्याकडील लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणवर्गात सांगितली, तर श्रोते तिची गणना परदेशी लोककथांत करतील.

महाराष्ट्रात रस्ता रिकामा होतच नाही, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. मान्यवरांचा दौरा जाहीर झाला की तिन्ही घटक एकाच दिवशी अवतरतात : मनाई, तिचे कारण आणि गाडीदेखील. खड्डे बुजतात, झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू लागतो, उभी वाहने उचलली जातात आणि धोंड्यांसकट सोयाबीन गोण्यांत जाते. यावरून वऱ्हाडात हिमवर्षाव म्हणून ज्याची नोंद करता येईल अशी घटना एकच आहे. ती वरून येते, पूर्वसूचनेने येते आणि ती वितळली की रस्ता पूर्वपदावर येतो.

समृद्धी महामार्ग हे या विवेचनातील एक शोकपर्व होय. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग कारंजा तालुक्यातून जातो, ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंतचा त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, मध्येच थांबण्यास बाराही महिने मनाई आहे आणि दोन्ही बाजूंस कुंपण आहे. वाळवणाच्या दृष्टीने इतकी विस्तीर्ण, इतकी सपाट आणि दिवसभर उन्हात राहणारी जागा जिल्ह्यात दुसरी नाही, आणि नेमके त्याच जागेवरून ताशी १२० किलोमीटर वेगाने माणसे धावत असावीत, हे पाहून कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याने टाकलेला उसासा विकासाच्या कोणत्याही निर्देशांकात मोजलेला नाही.

तरीही वऱ्हाडाच्या रस्त्यांवर एकदा खरा फाळ फिरला आहे, आणि तो लोखंडाचा नव्हता. २०२४च्या नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १२वरून १५ टक्के केली. दिल्लीहून निघालेल्या या एका कागदाने जितका रस्ता मोकळा होऊ शकत होता तितका दहा जेसीबींनी झाला नसता, कारण तीन टक्के ओलावा म्हणजे रस्त्यावरचे काही दिवस असतात. ज्यांना दिवाळीसाठी पैशाची घाई होती, त्यांचा माल तोवर मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याकडे पोचला होता, ही गोष्ट वेगळी. फाळाची गाडी उशिरा येण्याबाबत शिकागो आणि दिल्ली यांच्यात फार अंतर नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. मात्र या घटनेने एक सिद्धान्त हाती दिला : रस्त्यावरचा थर रस्त्यावर झाडून जात नाही, तो जिथे ठरतो तिथे हलवावा लागतो. थंड शहराला बर्फाचे ढग हलवता येत नाहीत म्हणून त्याला गाड्या हलवाव्या लागतात. सोयाबीनचा ढग मात्र एका आकड्याचा, एका नसलेल्या सामायिक खळ्याचा किंवा बाजार समितीच्या आवारातील एका नसलेल्या सिमेंटच्या ओट्याचा आहे, म्हणून तो हलवता येतो.

उरतो तो धोंडा. सोयाबीन पोत्यात भरले जाते, पोती गाडीत जातात, गाडी बाजाराला जाते. धोंडे तिथेच राहतात, कारण ते कोणाच्याही सातबाऱ्यावर नाहीत. सोयाबीन असताना रात्री शेजारी राखणदार असतो, कंदील किंवा मोबाइलचा उजेड असतो, ताडपत्री चमकते. सोयाबीन गेल्यावर धुईत मिसळून जाणारा तोच धोंडा दुचाकीच्या चाकाला गाठतो. शिकागोच्या निरभ्र रात्रीची हिमबंदी, पुण्याचा सम-विषम फलक आणि धनजचा एकटा पडलेला धोंडा ही कारण संपल्यावर उरलेल्या मनाईची तीन रूपे आहेत. त्यांतली पहिली दोन खिशाला लागतात, तिसरी डोक्याला. ज्या दिवशी पंचायतीच्या फळ्यावर ‘वाहने लावू नयेत’ याऐवजी धोंडे कोणी, कोणत्या संध्याकाळी उचलायचे ते लिहिले जाईल, त्या दिवशी बर्फाचा कणही न पाहिलेल्या या गावात हिमनिवारण सुरू झाले असे म्हणता येईल. तोवर धोंडे उचलण्याचे काम परंपरेने ज्याच्याकडे चालत आले आहे त्याच्याकडेच राहील, आणि तो म्हणजे पुढच्या हंगामात सोयाबीन वाळत घालणारा शेजारी, ज्याला ते पुन्हा मांडायचे असतात.