कोरडवाहू दर्यावर्दी

यवतमाळ जिल्ह्याला वर्धा आहे, पैनगंगा आहे, बेंबळा, अडाण, अरुणावती आहेत; पाऊस बरा झाला तर या नद्यांना पाणीही असतं. समुद्र तेवढा नाही. तो सहाशे किलोमीटरच्या पुढे, मुंबईला. तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत इथल्या एकूणएक बाजारगावात एक इसम असा असायचा, ज्याच्या तोंडी उठल्या-बसल्या साता समुद्रापलीकडच्या गोष्टी. त्यानं जन्मात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचा पूर, तोही लांबून. पण लिवरपूलला काल काय घडलं हे त्याला आज ठाऊक असे; स्वतःच्या घरात काल काय घडलं, ते मात्र बायकोनं दोनदा सांगितल्याशिवाय कळत नसे. हा इसम म्हणजे कापसाचा अडत्या.

त्याची जात विचारू नका. कोणी बाहेरून आलेला, कोणी इथलाच. पण पेढीवरच्या गादीवर बसला की सगळ्यांची मांडी सारखीच बसते. अंगात बंद गळ्याचा कोट, कोटाच्या बाहीवर कापसाचे तंतू, कानावर बोरू किंवा शिसपेन्सील आणि खांद्यावर उपरणं. हे उपरणं थंडीसाठी नाही, घाम पुसायलाही नाही. ते धंद्याचं अवजार आहे, त्याकडे येऊच.

जिल्हा तसा नव्यानंच नावारूपाला आलेला. १९०५ पर्यंत सरकारी दप्तरात त्याचं नाव वणी जिल्हा, मग यवतमाळ झालं. कचेरी होती, कोर्ट होतं, कोर्टाच्या पायरीवर वकील होते, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत जिनांची धुराडी धूर ओकत होती. या पाच महिन्यांत गावातला प्रत्येक धंदा कापसावर जगायचा. लोहाराला गाड्यांच्या धावा बसवण्यातून फुरसत नसे. खानावळवाल्याच्या वरणात हंगामात पाणी वाढे. टांगेवाला स्टेशनपर्यंतचे पैसे गिऱ्हाइकाच्या कोटाकडे पाहून सांगे. धान्याच्या बाजूला मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून सुरुवात करी. तो लाभ कोणाचा, हे कोणी विचारत नसे. कापसाच्या बाजूला काटेवाला होता, त्याचा काटा विकणाऱ्याच्या बाजूनं कधी झुकल्याचं ऐकिवात नाही. हमाल होते, ते बोजे उचलताना इतका आरडाओरडा करत की वजन किती सांगितलं ते नीट ऐकूच येऊ नये. आणि या सगळ्यांच्या मधोमध, लोडाला टेकून, आमचा अडत्या.

गाडी अंगणात शिरली की तो उठून उभा राहायचा. कलेक्टर आला तरी इतक्या लगबगीनं उठला नसता.

‘‘या पाटील, या! बैलं सोडा पह्यले. पानी पाजा. मुनीमजी, पाटलाले गूळ-पानी आना.’’

पाटील सावध होतो. गूळ-पाण्याचा अनुभव त्याला असतो. ‘‘भाव काय निंगाला जी आज?’’

‘‘भाव कुठी पळून जाते? बसा तं खरं.’’ आणि मग चेहऱ्यावर घरातलं कोणी आजारी असल्यासारखी कळा आणून, ‘‘पन काय सांगू पाटील... लिवरपूल बसलं.’’

पाटलाला लिवरपूल हा कोणी बडा सावकार असावा असं वाटे. हा दर वर्षी नेमका आपली गाडी आली की बसतो, आणि आपण गाव गाठून घरी पोचलो की उठतो. लिवरपूल उठल्याची बातमी अडत्यानं कधी लपवली नाही. ती तो फाल्गुनात, पाटलाच्या घरी सरकीसुद्धा उरलेली नसताना, मोकळ्या मनानं सांगायचा.

आता कापूस पाहण्याचा विधी. अडत्या गाडीजवळ जातो आणि वरचा कापूस न पाहता कोपरापर्यंत हात आत घालतो. वर चांगला माल आणि खाली कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, भरून आणणारा पाटील काही तो पहिल्यांदा पाहत नसतो. (इथं पाटलाचीही बाजू फार धुतल्या तांदळाची नाही, हे सांगितलं पाहिजे. गाडीवर रात्री दव पडावं म्हणून मुद्दाम उघड्यावर मुक्काम करणारे पाटीलही होतेच. दवाचंही वजन होतं आणि दव फुकट मिळतं.) मग बोंडभर कापूस काढून तो सरकीपासून रुई सोडवतो. दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत पुंजका धरून हलकेच ओढतो, अर्धा एका हातात, अर्धा दुसऱ्यात, पुन्हा एकावर एक ठेवून पुन्हा ओढतो. चार-पाच वेळा असं केलं की सगळे तंतू एका रेषेत येतात. ते तो कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवतो आणि डोळे बारीक करून पाहतो. हे काम तो खरंच सुंदर करायचा. बाहीवरच्या त्या पांढऱ्या रेघेवरून धाग्याची लांबी त्याला अचूक कळे. कळलेली लांबी आणि सांगितलेली लांबी यांचा मेळ मात्र कधी बसत नसे.

‘‘धागा तोकडा आहे, पाटील.’’

धागा तोकडा होता, हे खोटं नव्हे. पूर्वी या भागात ‘बनी’ नावाचा तलम, लांब धाग्याचा कापूस होत असे. पुढे जाडाभरडा पण काटक, सरकीच्या मानानं रुई भरपूर देणारा कापूस आला, शेतकीखात्यानं त्यातलंच रोझियम वाण पसरवलं. धागा जेमतेम अर्धा-पाऊण इंच. शेतकऱ्याला बनीच्या तलमपणाचा जादा दाम बाजारात कधी मिळालाच नाही, म्हणून त्यानं वजन देणारा कापूस धरला. आणि वजन देणारा कापूस धरला म्हणून अडत्या त्याला तलमपणाची आठवण करून द्यायचा. मुठीत घेतलेला नमुना परत गाडीत टाकायची पद्धत नव्हती. अडत्याच्या घरच्या गाद्या इतक्या गुबगुबीत कशा, याचा उलगडा त्यातून होतो.

आता उपरणं. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, उपरण्याखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. याला हत्ता म्हणत. वर चेहरे असे, की जणू दोघं एकमेकांच्या मुलीच्या सोयरिकीची चौकशी करताहेत. खाली बोटांची झटापट. एक बोट दाबलं, दोन सोडली, पंजा धरला, झटकला, पुन्हा धरला. ज्याचा कापूस तो पाटील दोन हात अंतरावर उभा राहून ते उपरणं हलताना पाहायचा. आपल्या वर्षभराच्या कष्टाचं त्या कपड्याखाली काय चाललंय, हे त्याला कपडा निघाल्यावर कळे.

कायदा नव्हता असं नाही. १८८६ मध्ये शेजारच्या कारंज्याचा कापूसबाजार नियमाखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. देशात इतरत्र कुठं असं काही नव्हतं तेव्हा वऱ्हाडात होतं, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. बाजार समिती नेमली गेली. तीत व्यापारी होते, नगरपालिकेचे सभासद होते. कापूस पिकवणारा तेवढा राहून गेला. तो त्या दिवशी शेतात असावा.

मग यायची चिठ्ठी. इथं अडत्याची प्रतिभा फुलते. अडत, तोलाई, हमाली, कडता, नमुना, धर्मादाय, गोरक्षण, पाणपोई. पाटलानं ज्या पाणपोईचं पाणी प्यालेलं नाही तिचं पुण्य त्याच्या नावावर जमा व्हायचं, आणि पैसे पेढीच्या नावावर. देवळाच्या जीर्णोद्धाराला कापलेल्या पैशातून देऊळ कधी उभं राहिलं, तर दारावरच्या फरशीवर नाव अडत्याचं.

एवढं असून पाटील दर वर्षी त्याच पेढीवर गाडी सोडायचा. का? कारण मृगाला बियाण्यासाठी पैसे याच गादीवरून मिळालेले असत. मुलीच्या लग्नातला शालू याच्याच ओळखीनं उधार आलेला असे. रात्री उशीर झाला तर पेढीच्या ओसरीवर झोपायला जागा आणि पिठलं-भाकर मिळे. तारेचा कागद, कोर्टाचं समन्स, जावयाचं पत्र, सगळं हाच वाचून दाखवायचा, आणि समन्स वाचताना त्याला खरोखर वाईट वाटायचं. निदान जे समन्स त्यानं स्वतः काढलेलं नसे, ते वाचताना तरी. पाटलाची बँक, धर्मशाळा आणि टपालकचेरी एकाच धोतरात नांदत होती. ती सोडून जाणार कुठं?

तारघराशी त्याचं नातं तर देवघरासारखं. रोज सकाळी मुंबईची तार यायची. कुलाब्याच्या कापूसबाजाराचा भाव आणि त्यामागून न्यूयॉर्क, लिवरपूल. परदेशी बाजारात वऱ्हाडी कापसाला अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणत. हा मान अमरावतीला मिळाल्याबद्दल यवतमाळचा अडत्या मनात थोडा खट्टू असे. पूर्वी गाठी बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनावर जात. पुढे किलिक-निक्सन कंपनीच्या कृपेनं मूर्तिजापूर ते यवतमाळ अडीच फूट रुंदीचे रूळ पडले आणि छोटी गाडी आली, तीच पुढे शकुंतला म्हणून प्रसिद्ध झाली. १९२३ पासून तिला ओढणारं वाफेचं इंजिन खुद्द मँचेस्टरला घडवलेलं. अडत्या पाहुण्यांना फलाटावर नेऊन ते इंजिन दाखवायचा, जणू त्याच्या सासरहून आलंय.

त्याची खरी परीक्षा झाली १९१४ साली. ऑगस्टात विलायतेत लढाई पेटली आणि लिवरपूलचा वायदेबाजार बंद पडला. ही बातमी पाटलापर्यंतही पोचली. त्यानं दसऱ्याला पहिली गाडी जुंपली ती मोठ्या आनंदानं. वेचणीआधीची सीतादईची पूजा करून, नवा कापूस वेचून, टोपी सारखी करत तो पेढीवर आला.

‘‘शेटजी, लिवरपूल बंद झालं म्हंते.’’

‘‘हो ना जी. इतल्या वर्षांत असं झालं नाही.’’

‘‘मंग आता तं ते बसत नाही ना? आता तुमच्या मनानं भाव द्या.’’

अडत्या क्षणभर गप्प झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच भावाची जबाबदारी एकट्या त्याच्या डोक्यावर आली होती, आणि ते डोकं अशा ओझ्याला सरावलेलं नव्हतं. पण तो क्षणच. ‘‘पाटील,’’ तो म्हणाला, ‘‘बसलेला मानूस उठते. जो उठूनच गेला त्याचं काय करता?’’ त्या हंगामात भाव लिवरपूल बसल्याच्या वर्षापेक्षाही खाली गेला.

स्वदेशीच्या दिवसांत त्याची कुचंबणा पाहण्यासारखी होती. यवतमाळ म्हणजे वकील माधव श्रीहरी अणे यांचं गाव. सभा, मिरवणुका, होळ्या यांना तोटा नव्हता. अडत्यानं खादीची टोपी घातली, विलायती कापडाच्या होळीत स्वतःचं एक जुनं उपरणं टाकलं (नवं ठेवलं, हंगाम तोंडावर होता) आणि दुसऱ्या दिवशी दोनशे गाठी मुंबईच्या गोदीसाठी रवाना केल्या. १९३० मध्ये अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला तेव्हा त्यानं सढळ हातानं वर्गणी दिली. त्या वर्षीच्या चिठ्ठीत धर्मादायच्या खाली ‘देशकार्य’ अशी एक नवी ओळ आली.

गंमत अशी, की ज्या लिवरपूलच्या नावानं एवढं सगळं चाललं त्याला वऱ्हाडच्या तोकड्या धाग्याचं फारसं अगत्यच नव्हतं. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा लागे, तो त्या अमेरिकेचा आणि मिसरचा घेत. आपला माल मुख्यतः जपानला जाई. हे १९३३ साली उघडं पडलं. जपानी कापडावर सरकारनं जबर जकात बसवली म्हणून जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसावर बहिष्कार टाकला, आणि ऐन हंगामात अडत्याच्या तोंडी नवं नाव आलं: ‘‘जपान रुसलं, पाटील.’’

त्या साली पाटलाबरोबर त्याचा मुलगा होता, मराठी पाचवीतला. शाळेत भिंतीवर नकाशा होता आणि मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवत.

‘‘शेटजी, बाबा म्हंते तुम्ही लिवरपूल-लिवरपूल करत होते. मास्तर म्हंते कापूस जपानले जाते.’’

‘‘बरोबर हाय बाळ,’’ अडत्या डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला. ‘‘कापूस जपानले जाते. भाव लिवरपूलहून येते.’’

हे शब्दशः खरं होतं, आणि पोराला ते खरं असल्याचा संशय आल्यामुळे तो काही बोलला नाही. त्यानं वडिलांच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि बोट ठेवत वाचू लागला. अडत, तोलाई, हमाली, कडता. धर्मादायच्या खाली बोट थांबलं.

‘‘हे ‘तारखर्च’ काय हाय जी?’’

‘‘इचारा लागते ना बाळ विलायतेले, का पाटलाचा कापूस काय भावानं घेऊ म्हनून.’’

‘‘मंग त्याईनं काय जवाब देल्ला?’’

पेढीवर शांतता पसरली. मुनीमजींनी दौतीचं झाकण लावलं. काटेवाला काट्याकडे पाहू लागला. अडत्यानं पोराला पायापासून डोक्यापर्यंत, थेट रुई पाहावी तसं, निरखून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा, कडता न कापलेला आनंद उमटला.

‘‘पाटील, पोरगं लय हुशार हाय. शाळेत कायले वाया घालता? उद्यापासून पेढीवर धाडा.’’