फेरेटचे आहारांतर: पूर्वतयारी, कृती व पथ्ये

फेरेट हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. याबद्दल प्राणिशास्त्रात दुमत नाही. असलेच तर ते खुद्द फेरेटचे असते. अंगलटीने मुंगसासारखा लांबुळका, पण पाणमांजराच्या कुळातला हा प्राणी युरोपातल्या पोलकॅटपासून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवला गेला. त्याचे मुख्य काम होते बिळात शिरून ससे हुसकावणे. आयबेरियातल्या सशांच्या उपद्रवाविषयी लिहिताना ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने एका प्राण्याची नोंद केली आहे. तो बहुधा हाच असावा. लोक त्याला मुसके बांधून बिळात सोडत, असे स्ट्रेबो सांगतो. मुसके बांधण्याचे कारण उघड आहे. मोकळ्या तोंडाने आत गेलेला प्राणी ससा तिथेच खाऊन तिथेच झोपला असता. आज अमेरिकेतल्या एखाद्या घरात वाढलेल्या फेरेटपुढे सशाचे ताजे मांस ठेवले, तर तो एकदा हुंगतो, दोन पावले मागे सरकतो आणि वाटीतल्या तपकिरी दाण्यांकडे निघून जातो. त्याला तिथून परत सशाकडे आणणे हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम शरीररचना. फेरेटचे आतडे आखूड असते, त्याला अंधनाल नसते आणि खाल्लेले अन्न तीन-चार तासांत बाहेर पडते. एवढ्या घाईच्या प्रवासात धान्य किंवा तंतू पचवायला सवड नसते. तोंडात चौतीस दात असतात आणि ते कापण्यासाठी व हाड फोडण्यासाठी घडलेले असतात. रवंथ करण्याची सोय कुठेही नाही. तरीही माणसाने त्याला काय काय घातले, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये शिकारीसाठी फेरेट पाळणारे लोक कित्येक पिढ्या त्यांना दुधात भिजवलेला पाव देत आणि फेरेट अशक्त का होतात याचे नवल करत. पुढे कोरड्या खाद्याचा जमाना आला. दाण्याला आकार येऊन तो टिकायला पिठूळ पदार्थ लागतो, म्हणून त्यात मका किंवा तांदूळ येतो. ‘धान्यविरहित’ असे ठळक छापलेल्या पिशवीत त्यांच्या जागी वाटाणा किंवा बटाटा असतो, आणि पिशवीची किंमत वाढलेली असते.

फेरेटांमध्ये, विशेषतः अमेरिकेतल्या मध्यमवयीन फेरेटांमध्ये, स्वादुपिंडाच्या इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशींची गाठ वारंवार आढळते. तिला इन्शुलिनोमा म्हणतात. पिठूळ आहाराचा तिच्याशी संबंध असावा असा अनेकांचा संशय आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते हे वाक्य पूर्वार्धापर्यंत वाचतात आणि विरोधक उत्तरार्धापासून सुरुवात करतात. पालकाने पूर्ण वाचावे.

आता नकाराचे कारण. फेरेटचा हट्ट नाकात असतो. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ रायमुंड आपफेलबाख यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत या प्राण्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले, की कोणता वास म्हणजे अन्न, हे पिल्लू आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच ठरवून टाकते. त्या काळात नाकाखालून जे गेले ते जेवण. नंतर समोर आलेला उंदीर हा फार तर एक प्रसंग. अमेरिकेत दुकानात विकली जाणारी बहुतेक पिल्ले मोठ्या पैदास केंद्रांतून येतात आणि दाण्यांवरच वाढलेली असतात. तेव्हा पाच वर्षांचा फेरेट कोंबडीच्या मांडीला नाक मुरडतो ते चवीमुळे नव्हे. त्याच्या लेखी ती वस्तू अन्न या वर्गातच मोडत नाही. हाच प्राणी बेदाण्यासाठी मात्र मागच्या पायांवर उभा राहतो. या विसंगतीचा जाब त्याला विचारून उपयोग होत नाही. बेदाणा देऊही नये.

यावरून निघणारा नियम असा, की पिल्लू जितके लहान तितके काम सोपे. तीन महिन्यांचे पिल्लू काही दिवसांत मांस खाऊ लागते. प्रौढ फेरेटला काही आठवडे लागतात आणि क्वचित काही महिने. या काळात पालकाचे वजन घटल्याच्याही तक्रारी असतात, पण त्या पशुवैद्यकाच्या कक्षेत येत नाहीत.

पूर्वतयारीत सर्वांत आधी कायदा पाहावा. कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत फेरेट पाळणे बेकायदा आहे आणि न्यूयॉर्क शहरातही बंदी आहे. तिथल्या पालकाने आहार बदलण्याआधी पत्ता बदलणे शास्त्रोक्त ठरेल. त्यानंतर पशुवैद्य. तीन वर्षांवरील फेरेटची रक्तशर्करा तपासल्याशिवाय प्रयोग सुरू करू नये, कारण इन्शुलिनोमा झालेल्या प्राण्याला काही तासांचा उपासही महागात पडतो. एकटक शून्यात बघणे, लाळ गळणे, मागचे पाय लुळे पडणे, पंजाने तोंड खाजवणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. हिरड्यांना थोडा मध चोळावा आणि गाडी काढावी. ‘भूक लागली की खाईल’ हे मुलांच्या बाबतीत चालणारे तत्त्व इथे पूर्ण वर्ज्य आहे. फेरेटला भूक लागते, पण तो खात नाही; तो कोसळतो.

साधनांत ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवा. मादी साधारण सहाशे ग्रॅम ते एक किलो आणि नर एक ते दोन किलो भरतो. हिवाळ्यात वजन वाढते व उन्हाळ्यात उतरते, तेव्हा आधीच्या नोंदी नसतील तर घट आहारामुळे की ऋतूमुळे हे कळत नाही. शीतकपाटाचा एक कप्पा वेगळा राखावा. सरडे-सापांचे खाद्य विकणाऱ्या दुकानातून आणलेले गोठवलेले उंदीर त्याच कप्प्यात राहतील, आणि पाहुण्यांना आइस्क्रीम काढायला कुणी पाठवायचे याचा निर्णय घरात आधीच झालेला बरा. परदेशातल्या एखाद्या शाकाहारी मराठी घरात फेरेट आलेला असेल, तर तिथे हा अध्याय कठीण जातो. अशा घराची समजूत असते, की दाणे देत होतो तोवर सोवळे शाबूत होते. वास्तविक त्या दाण्यातही कोंबडीच असते, फक्त ओळखू न येण्याइतकी दळलेली. श्रावणाची सवलत फेरेटच्या आतड्याला नाही.

घरी बनवायच्या आहाराचे पालकांमध्ये रूढ असलेले माप असे: सुमारे ८० टक्के स्नायूंचे मांस, १० टक्के चावून खाता येईल असे हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के गुर्दा किंवा प्लीहा यांसारखा दुसरा अवयव. हे माप अनुभवातून आले आहे, प्रयोगशाळेतून नव्हे. म्हणून ते एकदा प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाला दाखवावे. दिल आणि कोंबडीचे पोटे स्नायूंत धरतात. दिल वगळू नये, कारण त्यात टॉरिन भरपूर असते. खिमा करून, गोठवून, वितळताना सुटलेले पाणी ओतून दिले तर टॉरिनचा काही भाग त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. कलेजी फेरेटला आवडू लागली म्हणून वाढवली तर जीवनसत्त्व ‘अ’ साचते. हाड टाळले तर कॅल्शियम कमी पडून शरीर स्वतःच्या सांगाड्यातून ते काढू लागते. नुसते बोनलेस चिकन हा यात सर्वांत सभ्य दिसणारा आणि सर्वांत वाईट पर्याय आहे.

प्रत्यक्ष कृती सूपापासून सुरू होते. रोजचे दाणे कोमट पाण्यात भिजवून लगदा करावा. फेरेटला आधी हा लगदाच मान्य व्हावा लागतो. काहीजण इथेच आठवडा काढतात. लगदा पटला की त्यात चिमूटभर कच्चा खिमा मिसळावा. सुरुवात कोंबडीपासून करावी, कारण बहुतेक दाण्यांना कोंबडीचाच वास असतो आणि नाकाला ओळखीचा धागा मिळतो. खिमा पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवावा, म्हणजे तो अंगाच्या उष्णतेइतका होतो. मायक्रोवेव्हमध्ये तो कडेने शिजतो आणि मध्ये थंडच राहतो. प्रमाण हळूहळू वाढवायचे. एका रात्रीत चिमटीची मूठ केली, तर फेरेट वाटीत पंजा घालून सगळे जमिनीवर उकरतो आणि मोहीम पुन्हा भिजलेल्या दाण्यांवर येते.

वाटीला तोंड न लावणाऱ्या फेरेटसाठी बोटाने भरवण्याची पद्धत आहे. बोटावर थोडे सूप घेऊन ओठाला लावावे. तो ते चाटतो, कारण तोंड स्वच्छ ठेवणे त्याला आवडते. पाच-सहा वेळा चाटल्यावर आपण काहीतरी खाल्ले हे त्याच्या लक्षात येते. तेही न जमल्यास मानगूट धरून उचलावे. मानगूट धरलेला फेरेट हमखास जांभई देतो, आणि त्या उघड्या तोंडात राईएवढा खिमा ठेवता येतो. या कृतीला आहारशास्त्रात भारदस्त नाव नाही. थोडे सामन मासळीचे तेल वरून लावल्यास वाटाघाटी लवकर आटोपतात. अधिक महिन्यातल्या जावयाला आग्रह करावा तसा हा आग्रह दिवसातून चार-सहा वेळा चालतो, फरक इतकाच की जावई निदान ताटावरून उठून सोफ्याखाली जात नाही. या संपूर्ण काळात दाण्यांची वाटी पूर्ण बंद करू नये. दिवसाच्या दोन-तीन तासांसाठी ती उचलावी, पण रात्रभर उपाशी ठेवून धडा शिकवण्याचा विचार मनात आणू नये.

सोफ्याचा उल्लेख आलाच आहे, तर साठेबाजीचा प्रश्न इथेच घेतलेला बरा. फेरेट अन्न लपवतो. तो दिवसातून आठ-दहा वेळा थोडेथोडे खातो, चौदा ते अठरा तास झोपतो, आणि उरलेल्या वेळात वाटीतला माल अन्यत्र हलवतो. दाण्यांच्या काळात हा छंद निरुपद्रवी असतो. कपाटामागे महिन्यांपूर्वीचे दाणे सापडले तरी कुणाचे बिघडत नाही. कोंबडीचा पंख मात्र तिसऱ्या दिवशी स्वतःचा ठावठिकाणा कळवतो. म्हणून मांस बंद पिंजऱ्यात किंवा कोरड्या स्नानटबात द्यावे, अर्ध्या-पाऊण तासाने उरलेले उचलावे, आणि सोडण्यापूर्वी जबड्यात काही आहे का ते पाहावे. फेरेट रिकाम्या तोंडाने, मागे वळून न बघता, फार सरळ रेषेत चालला असेल तर तो रिकाम्या तोंडाने चाललेला नाही.

सूप जमले की खिम्याऐवजी बोटाएवढ्या पट्ट्या द्याव्यात, म्हणजे चावण्याचा सराव होतो. मग हाड येते. सुरुवात कोंबडीच्या पंखाच्या टोकापासून किंवा लावेच्या बरगडीपासून करावी. हाड नेहमी कच्चेच द्यावे. शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या निघतात. बैलाचे जाड हाड कौतुकाने दिले तर दात तुटतो. शेवटची पायरी अख्ख्या उंदराची. ती काही पालकांना जमत नाही आणि काही फेरेटांनाही जमत नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहून उंदीर परत कप्प्यात ठेवल्यास आहारात फारसे अंतर पडत नाही, वरील माप सांभाळले म्हणजे झाले.

प्रगतीचे मोजमाप विष्ठेवरून होते, आणि या काळात पालक तिचे निरीक्षण ज्या बारकाईने करतो ती बारकाई त्याने याआधी कशालाच दिलेली नसते. पहिल्या आठवड्यांत ती पातळ किंवा हिरवट येऊ शकते. तसे चालूच राहिले किंवा फेरेट मलूल दिसला तर पशुवैद्य गाठावा. पांढुरकी व भुसभुशीत आली तर हाड जास्त झाले. अवयवांचे मांस जास्त झाले तर ती काळसर व सैल होते. डांबरासारखी काळी व चिकट आली तर माप तपासत बसू नये, कारण ते आतल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.

आरोग्याच्या जोखमीचा भाग विनोदाला फारसा वाव देत नाही. कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि लिस्टेरिया असू शकतात. गोठवल्याने काही परजीवी मरतात, जिवाणू मात्र बव्हंशी फक्त थांबतात. अमेरिकी पशुवैद्यक संघटनेने २०१२ साली कुत्र्यामांजरांना कच्चे मांस देऊ नये अशी भूमिका घेतली. फेरेट तीत नसला तरी त्याचे पालक त्याच ओट्यावर मांस चिरतात. घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कुणी असेल तर हा प्रयोग सोडून द्यावा. याशिवाय फेरेटची स्वतःची एक अडचण आहे. माणसाचा फ्लू त्याला सहज होतो. १९३३ साली इंग्लंडमध्ये माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम वेगळा करता आला तो फेरेटांच्या मदतीने, आणि त्या काळी एका फेरेटने संशोधकाच्या तोंडावर शिंकून हा व्यवहार दुतर्फा असल्याचेही दाखवून दिले. पक्ष्यांचा एच५एन१ विषाणूही त्याला होतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात टर्कीचे गोठवलेले कच्चे खाद्य खाऊन एक घरमांजर या विषाणूने दगावले. तेव्हापासून कोंबडी-टर्की कच्ची देण्याचा सल्ला सरसकट देता येत नाही. उच्च दाबाखाली प्रक्रिया केलेले पाकीट घ्यावे किंवा सशाकडे वळावे. सूपापुरते मांस शिजवून देणेही चालते, फक्त शिजवल्यावर त्यात हाड ठेवू नये आणि कॅल्शियमची भर वेगळी घालावी.

आहारांतर पूर्ण झाल्यावरही दाण्यांची सवय समूळ मोडू नये. आठवड्यातून एक-दोनदा मूठभर दाणे देत राहावे. वीज जाते आणि शीतकपाटातला कप्पा वितळतो. फेरेटला दवाखान्यात ठेवावे लागते. कधी पालकच गावाला जातो आणि शेजारी मदतीला येतो; तो पिशवीतून दाणे ओतायला तयार असतो, उंदीर वितळवायला नसतो. अशा वेळी वर्षभर दाणे न पाहिलेला फेरेट वाटी हुंगतो, दोन पावले मागे सरकतो आणि उपाशी राहतो, मग वरील सर्व कृती उलट क्रमाने करावी लागते. मानगूट, जांभई आणि बोट त्या दिशेलाही तितकेच उपयोगी पडतात.