नकाराचं बटण कुठे आहे?

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी निरोप दिला. वसुबारस तीन दिवसांवर आली होती. त्या तारखेला कुणाचं मशीन बंद पडलं नाही, विंडोज 10 नंतरही चालत राहिलं. थांबले ते सुरक्षेतली भोकं बुजवणारे दरमहाचे अपडेट. ते न मिळणारं मशीन इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणं दर महिन्याला थोडं अधिक धोक्याचं होत जातं. म्हणून लाखो लोकांसारखा मीही विंडोज 11 वर आलो.

पहिलं मत सांगून टाकतो. सिस्टीम चांगली आहे, तिची वागणूक चांगली नाही.

चांगलं काय ते आधी. खिडकी मोठी करायच्या चौकोनावर माउस नेला की पडदा कसा वाटून घ्यायचा याचे आराखडे समोर येतात. एकीकडे मूळ पीडीएफ, दुसरीकडे टायपिंग, कोपऱ्यात शब्दकोश. प्रुफं वाचणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय कुठली? फाइल एक्सप्लोररला टॅब आले. नोटपॅड बंद केलं तरी न साठवलेला मजकूर पुढच्या वेळी जागेवर सापडतो. आरएआरची फाइल उघडायला वेगळा प्रोग्राम शोधावा लागत नाही. आणि मराठी! फोनेटिक मराठी कळफलक 2019 पासून विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची, तिच्या पर्यायांत फोनेटिक निवडायचा, मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून हवं तेव्हा इंग्रजीतून मराठीत यायचं. पैसे लागत नाहीत, कुठून काही उतरवून घ्यावं लागत नाही. हे अजून शाळाशाळांतून सांगायला हवं.

आता वागणूक.

नवा लॅपटॉप उघडला की विंडोज 11 आधी इंटरनेट मागतं, मग मायक्रोसॉफ्टचं खातं. होम आवृत्तीत ही सक्ती 2021 पासून आहे, प्रो आवृत्तीत 2022 पासून. विंडोज 10 बसवताना नेट तोडलं की साधं नाव आणि पासवर्ड देऊन काम सुरू करता येत होतं. विंडोज 11 मध्येही जाणकार मंडळी एक कमांड टाइप करून या सक्तीतून सुटत होती. 2025 मध्ये कंपनीने चाचणीच्या आवृत्त्यांतून ती कमांडही काढून टाकली. ज्या गावात नेट दुपारी असतं आणि संध्याकाळी नसतं, तिथल्या शाळेच्या संगणक कक्षात एका मशीनवर तीस मुलं बसतात. तिथे खातं कुणाच्या नावाने उघडायचं? मुख्याध्यापकांच्या? त्यांची बदली झाल्यावर काय करायचं?

विंडोज 10 वरून थेट अपग्रेड करणाऱ्याचं जुनं साधं खातं टिकतं, हे खरं. पण मग अधूनमधून पडदाभर एक पाटी येते, की तुमच्या संगणकाची जुळवाजुळव पूर्ण करा. तिच्यावर पुढे जायचं बटण असतं आणि तीन दिवसांनी आठवण करून देण्याचं बटण असतं. नकाराचं बटण नसतं. ते सेटिंगमध्ये, सूचनांच्या पानाच्या तळाशी, आणखी एका घडीत ठेवलेलं आहे. तिथल्या खुणा काढल्या की पाट्या थांबतात. आजच काढून टाका.

खात्याची ही सक्ती नुसती चिडवणारी असती तर मी इतकं लिहिलं नसतं. तिच्यामागून दोन गोष्टी येतात, आणि त्यांतली दुसरी गंभीर आहे.

पहिली वनड्राइव्ह. खात्याने लॉग-इन केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर क्लाउडवर चढवण्याचा घाट सुरू होतो. 2024 पासून नव्या मशीनवर कित्येकदा न विचारताच. फुकट जागा 5 जीबी. घरातल्या एका लग्नाच्या फोटोंना ती पुरत नाही. जागा भरली की विकत घेण्याचा आग्रह होतो. आणि क्लाउडवर गर्दी झाली म्हणून तिथली फाइल पुसायला जावं तर डेस्कटॉपवरचीही जाते, कारण आता दोन्हीकडची फाइल एकच असते. हे आधी कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कुलूप. 2024 च्या ऑक्टोबरातल्या 24एच2 या आवृत्तीपासून नवं मशीन असो की फॉरमॅट मारून नव्याने टाकलेलं विंडोज असो, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं काही वाचता येऊ नये, हा हेतू उत्तम आहे. या कुलपाची 48 अंकी चावी त्याच खात्यात जाऊन बसते. मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये फेरफार झाला, कधी एखादा अपडेट अडला, की मशीन ती चावी मागतं. आता आपल्याकडचा रिवाज बघा. ‘विंडोज टाकून द्या’ म्हणून लॅपटॉप दुकानात जातो. हार्डवेअरवाल्याला ओळीत चार मशीन संपवायची असतात. त्याने आपल्याच एखाद्या ईमेलने खातं उघडून दिलं, तर मालकाच्या डिस्कची चावी दुकानदाराच्या खात्यात राहते. दोन वर्षांनी दुकान उठलं, ईमेल विसरला, तर मुलांचे फोटो, प्रबंध, सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब, सगळं त्या कुलपाआड कायमचं अडकतं. मायक्रोसॉफ्टही ते उघडून देऊ शकत नाही. ज्या कुलपामागे माणसाची आयुष्यभराची कागदपत्रं जातात, ते लावताना पडदाभर मोठ्या अक्षरांत, मराठीत, ‘ही चावी कागदावर लिहून घ्या’ असं का सांगत नाहीत? खात्यासाठी पडदाभर पाटी लावता येते, तर चावीसाठीही लावता येईल.

मंडळी म्हणतात, आजकाल सगळ्याच कंपन्या असं करतात, सिस्टीमची रचनाच तशी असते. रचनेचा मुद्दा युरोपने खोटा पाडला आहे. तिथे डिजिटल मार्केट्स ॲक्ट लागू झाला आणि 2024 च्या मार्चपासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या विंडोजमधून एज ब्राउझर काढून टाकता येऊ लागला. टास्कबारवरच्या शोधातलं बिंगही काढता येऊ लागलं. आपण तेच विंडोज वापरतो, पण आपल्याकडे एज काढायचं बटण निर्जीव असतं आणि विजेट्समधली बातमी उघडली की मालकाने निवडलेला ब्राउझर बाजूला सारून एजच पुढे येतो. बर्लिनच्या लॅपटॉपमधून जे निघतं ते नागपूरच्या लॅपटॉपमधून निघायला तांत्रिक अडचण काय?

विंडोज 10 वाल्यांना दिलेल्या वाढीव मुदतीचंही हेच. आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट हवे असतील तर आपल्यापुढे तीन वाटा ठेवल्या. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवा, किंवा 1000 रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा 30 डॉलरच्या घरात पैसे भरा. तिन्ही वाटांवर खातं हवंच. युरोपात ग्राहक संघटनेने आक्षेप घेतला, तेव्हा तिथे हेच संरक्षण फुकट मिळालं. खात्याने लॉग-इन करण्याची अट राहिली, पण क्लाउडला काही द्यावं लागलं नाही. पुण्याच्या ग्राहकाला ही सवलत नाही.

बोललं की फरक पडतो, याचा दाखला याच सिस्टीममध्ये आहे. 2024 च्या मे महिन्यात कंपनीने ‘रिकॉल’ जाहीर केलं. पडद्यावर जे दिसतं त्याची चित्रं सतत साठवून ठेवायची, म्हणजे मागचं काहीही शोधता येईल. सुरक्षातज्ज्ञांनी ती साठवण किती उघडी आहे ते दाखवून दिलं, ओरड झाली, आणि महिन्याच्या आत कंपनीला जाहीर करावं लागलं की ही सोय मालकाने मागितल्याशिवाय सुरू होणार नाही. मग ती पुढे ढकलली, कुलूपबंद केली, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये ठरावीक नव्या मशीनांवर आणली, तीही मालकाने हो म्हटलं तरच चालणारी. टास्कबारवरच्या खिडक्या नावांसकट वेगवेगळ्या दिसण्याची जुनी सोय विंडोज 11 ने सुरुवातीला काढली होती. लोक दोन वर्षं मागत राहिले, तेव्हा 2023 मध्ये ती परत आली.

ज्यांना विंडोज 11 घेताच येत नाही त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. सिस्टीमला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप हवी आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा. चिपची अट मला पटते. तुमचं मशीन ‘बसत नाही’ असं कुणी सांगितलं तर आधी बायोसमध्ये बघा, अनेक मशीनांत टीपीएम असतं पण बंद ठेवलेलं असतं. प्रोसेसरची रेघ मात्र मला पटलेली नाही. 2017 चे सातव्या पिढीचे चांगले धावणारे प्रोसेसर नाकारले गेले. त्या पिढीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना सूट मिळाली, आणि त्यांत आय7-7820एचक्यू होता, जो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ 2 मध्ये बसवलेला होता. विंडोज 10 ची साथ संपल्याने 24 कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने 2023 च्या डिसेंबरातच मांडला होता. आपल्याकडे तो लॅपटॉप भंगारात जाण्याआधी एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती जायला हवा. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसतं, देवनागरी नीट उमटते, लिबर ऑफिस चालतं. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर चालतात. महाराष्ट्रात हे का होऊ नये, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आणि डीटीपीवाले. त्यांना ‘अजून जुन्यावरच?’ असं हिणवणाऱ्यांचा मला राग येतो. गावोगावच्या मुद्रकांकडे पंचवीस-तीस वर्षांचा मजकूर पेजमेकरमध्ये आहे, तोही युनिकोडपूर्व फाँटांत. विंडोजमध्ये देवनागरी आली ती विंडोज 2000 पासून, मंगल फाँटसकट. त्याआधी प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी निराळी होती. तो फाँट नव्या मशीनवर नसेल तर अख्खं पुस्तक इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन बसतं. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं, त्यामुळे 16 बिटचे जुने प्रोग्राम त्यावर चालतच नाहीत, आणि फाँटच्या डोंगलचा ड्रायव्हर नव्याने निघाला नसेल तर फाँटही उघडत नाही. असा माणूस ‘आत्ता नको’ म्हणतो तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो, स्वतःचा धंदा वाचवत असतो. त्याने जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून चालू ठेवावं आणि फुरसतीने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. घाईने अपग्रेड करू नये.

बाकीच्यांनी अपग्रेड जरूर करावं, पण आधी मजकुराची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. खातं उघडायचंच तर स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या हाताने उघडावं. सेटिंगमध्ये डिस्क कुलूपबंद आहे का ते पाहावं, असेल तर ती 48 अंकी चावी कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. वनड्राइव्ह नको असेल तर फोल्डरांचा बॅकअप बंद करावा, आणि बंद करण्यापूर्वी फाइली मशीनवर परत आल्या आहेत याची खात्री करावी.

यापुढचं काम एकेकट्याचं नाही. भारतातही हत्यारं आहेत. 2022 च्या ऑक्टोबरात भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला, आणि त्यानंतर गुगलला इथल्या फोनवरचे नियम बदलावे लागले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला गंडवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत 13 प्रकार नोंदवले आहेत. पुन्हा पुन्हा तेच विचारून भंडावणं हा त्यांतला एक, आणि एका कामासाठी दुसरंच काही करायला भाग पाडणं हा आणखी एक. तीन दिवसांनी परत येणारी पाटी आणि खात्याची सक्ती या दोन्ही गोष्टी या यादीला लावून तपासायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून ग्राहकांसाठी झगडत आली आहे. तिने आणि तिच्यासारख्या संघटनांनी हा विषय हाती घ्यावा. तोवर आपण आपली तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.