वय झालंय आता त्याचं

जनावराच्या अंगावरचा केस कसा पारखावा, हे आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. आठवडी बाजारात उस्मानाबादी शेळी उभी राहिली, की गिऱ्हाईक आधी तिचं तोंड उघडून दात बघतं. अदंत, दोन दाती, चार दाती असा हिशोब झाला, की पाठीवरून उलटा हात फिरतो. केस काळाभोर, चकचकीत, अंगासरसा बसलेला असेल तर भाव चढतो. तोच राठ आणि विरळ दिसला, तर ‘हिच्या पोटात जंत असणार’ म्हणून तिथल्या तिथे पैसे उतरवले जातात. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीनं मात्र जुनंच नाव आणि जुनाच रुबाब राखून ठेवलाय.

हाच पारखी माणूस घरी येतो, तेव्हा उंबऱ्याशी दहा-अकरा वर्षांचा मोत्या पडलेला असतो. शेपटी उघडी पडलेली, कमरेच्या दोन्ही अंगांना टक्कल, कोपरांना घट्टे. माणूस त्याला ओलांडून आत जातो. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: “वय झालंय आता त्याचं, केस गळायलेत.” शेळीला बाजारभाव आहे, मोत्याला नाही. म्हणून शेळीला निदान मिळतं आणि मोत्याला नुसतं वय.

वयाचा हात असतोच, हे कबूल. पाच-सहा वर्षांपुढे बहुतेक कुत्र्यांची हनुवटी पिकू लागते. मग ओठ, मग डोळ्यांभोवती. केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी थकतात, कातडीतला तेलकटपणा कमी होतो आणि अंगावरची तकाकी जाते. कठीण फरशीवर पडून पडून कोपरांना घट्टे येतात, ते पोत्याचं अंथरूण टाकलं तरी पुष्कळ कमी होतात. पण पिकण्यालाही नेहमी वयच लागतं असं नाही. अमेरिकेत २०१६ साली चार वर्षांपर्यंतच्या ४०० कुत्र्यांची तोंडं पाहून एक अभ्यास झाला. भित्र्या आणि उतावळ्या कुत्र्यांची तोंडं लवकर पांढरी झालेली आढळली. काळजीनं केस पिकतात, हे आमच्या आज्या विनाअभ्यास सांगत आल्यात.

आमच्या गल्लीतले तात्या काळा रंग लावल्याशिवाय लग्नाला निघत नाहीत. त्यांचा मोत्या मात्र पांढरं तोंड घेऊन सगळीकडे जातो. दोघं ओट्यावर शेजारी बसले, की मोत्याच वडीलधारा दिसतो. येणारा-जाणारा आधी त्याच्याकडे बघून रामराम घालतो, असा मला दाट संशय आहे.

केस पिकणं निराळं आणि जाणं निराळं. कुत्रं रात्रंदिवस खाजवत असेल, कानाच्या कडांना खपल्या धरल्या असतील, तर ती लूत. तिचे किडे घरातल्या माणसांनाही खाजवायला लावतात. खाज नाही, पण दोन्ही अंगांना सारखंच टक्कल, शेपटीचा दोर झालेला, खाणं तेवढंच आणि तरी वजन वाढतंय, वर चैत्रातसुद्धा उन्हात जाऊन पडतंय, तर थायरॉईड मंदावल्याची शंका घ्यावी. आणि पोट सुटलंय, कातडी पातळ झालीय, पाण्याचं भांडं दिवसभर रिकामंच दिसतंय, तर दुखणं मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं असू शकतं, त्याला कुशिंग म्हणतात. हे शेवटचं लक्षण तरी आपल्या नजरेतून सुटू नये. टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात जास्तीचं पाणी कोण पितंय, हे लगेच कळतं.

थायरॉईडवरची गोळी तर आपल्या ओळखीची. अनेक घरांत काकू पहाटे उपाशीपोटी घेतात, त्याच कुळातली. म्हणून काकूंच्या पट्टीतली एक मोत्याला देऊ नका. त्याचा डोस त्याच्या रक्ततपासणीवरून आणि वजनावरून ठरतो, तो माणसासारखा नसतो.

आणि एक उपाय तर मुळीच नको. लूत दिसली, की कुणीतरी गॅरेजमधून जळकं काळं ऑइल आणतं आणि कुत्र्याला शेंडीपासून शेपटापर्यंत माखतं. कातडी भाजते, कुत्रं ते चाटतं, विष पोटात जातं. किडे मेले तरी कुत्रं वाचेल याची खात्री नाही. माखणारा मात्र पुण्य केल्यासारखे हात धुतो.

खरं तर कुत्र्याचा मान आपल्याला नवा नाही. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा याच जिल्ह्यातला. त्याच्या दारात वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला आवर्जून घालतात. तो एक दिवस संपला, की वर्षभर ‘हाड’. देवाच्या कुत्र्यानं पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत तरी टिकावं, एवढी सोय करायला काय हरकत आहे?

म्हातारपण हा रोग नाही, पण म्हाताऱ्यालाही रोग होतो, आणि त्यातले बरेचसे औषधानं आटोक्यात येतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी नसतो, तिथे कुत्र्यालाही तपासतात. नेताना तोंडाला फडकं बांधा, आणि केस कधीपासून जातात, खाज आहे की नाही, पाणी किती पितो, एवढं डॉक्टरांना सांगा.