ब्रॅबझनवरील पाहुण्याचा आचार

ब्रॅबझन हे इंग्लंडमधील पार्कलँड प्रकारचे गोल्फ मैदान बर्मिंगहॅमजवळ विशॉ येथे, द बेलफ्री या हॉटेलच्या आवारात आहे. पीटर ॲलिस आणि डेव्ह टॉमस यांनी आखलेले हे मैदान १९७७ साली खुले झाले. त्याआधी येथे बटाटे पिकत. त्या काळी या जमिनीत जे पुरले जाई ते वाढून परत मिळे. सध्याची पद्धत वेगळी आहे.

मैदानाला लॉर्ड ब्रॅबझन यांचे नाव दिलेले आहे. ब्रिटनमधील वैमानिकाचा पहिल्या क्रमांकाचा परवाना त्यांचा. इंग्रज माणूस अशक्य गोष्टीसाठी डुकराच्या उडण्याचा दाखला देतो, म्हणून १९०९ साली त्यांनी एक डुकराचे पिल्लू टोपलीत घालून विमानातून फिरवून आणले. अशा गृहस्थाच्या नावाच्या मैदानावर चेंडू जमिनीवरून सरपटत नेणे शोभत नाही. तसे जमतही नाही, कारण पार्कलँड मैदान समुद्रकाठच्या लिंक्ससारखे टणक नसते. जमीन मऊ, गवत दाट, फेअरवेच्या कडेला उंच झाडे आणि मोक्याच्या जागी तळी. चेंडू पडतो तिथेच बसतो, पावसाळी दिवशी तर रुततोही. रुतलेला चेंडू दंडाशिवाय उचलून शेजारी सोडण्याची मुभा नियमांत आहे. बंकरमध्ये ती नाही, आणि चेंडू नेमका तिथेच जास्त रुततो.

युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या रायडर चषकाचे सामने येथे १९८५, १९८९, १९९३ आणि २००२ असे चार वेळा झाले. इतक्या वेळा ते दुसऱ्या कोणत्याही मैदानावर झालेले नाहीत. तरीही हे मैदान बंद दरवाजांच्या क्लबाचे नाही. आगाऊ वेळ ठरवून ग्रीन फी भरली की पाहुण्याला खेळता येते. फी भरताना आवंढा गिळणे क्षम्य आहे, मात्र तिचे मनातल्या मनात रुपये करू नयेत. त्याचा परिणाम थेट पटिंगवर दिसतो.

पोशाखाबाबत कॉलरचा शर्ट आणि साधी पँट पुरे; जीन्स घालून जाऊ नये. छत्री आणि रेनकोट ऋतू न पाहता न्यावेत. पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. चेंडूंच्या संख्येवर मात्र नियमांनी कुठलीच मर्यादा घातलेली नाही, आणि यात नियम करणाऱ्यांची दूरदृष्टी दिसते. प्रत्येक चेंडूवर पेनने खूण करावी. ती खूण हरवलेला चेंडू ओळखण्यासाठी असते, असे निदान समजले जाते.

पुण्या-मुंबईच्या क्लबांत खेळून आलेल्या पाहुण्याची खरी अडचण वेगळीच असते. तिथे त्याच्या दिमतीला कॅडी असतो. अंतर किती, क्लब कोणता, पट डावीकडे वळेल की उजवीकडे, हे सगळे तोच सांगतो. झाडीत गेलेला चेंडू तो शोधून काढतो, आणि साहेबांच्या नशिबाने तो चेंडू कित्येकदा मोकळ्या जागेत, गवतावर छान बसलेला सापडतो. ब्रॅबझनवर पिशवी एकतर ट्रॉलीवर स्वतः ओढायची, नाहीतर बगीत टाकायची. शोधणेही स्वतःच, आणि तेही तीन मिनिटांत. २०१९ पूर्वी पाच मिनिटे मिळत; त्यानंतर नियम अधिक निष्ठुर झाला. चुकलेल्या फटक्यानंतर दोष देत वळून पाहायला मागे कोणी नसते, त्यामुळे पाहुण्याने वारा, बदके आणि गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज यांच्याकडे आधीपासून लक्ष ठेवावे.

पहिल्या टीवर उभे राहण्यापूर्वी टी कोणती, हे ठरवायचे असते. अगदी मागच्या टीवरून मैदान सुमारे ७,२०० यार्ड, म्हणजे साडेसहा किलोमीटर भरते. पाहुण्याने पुढची टी घ्यावी. तो बहुधा मागचीच घेतो, कारण इतके पैसे दिल्यावर सगळे मैदान पाहायला हवे. पहिल्या होलपासून तो ते सगळे पाहू लागतो, विशेषतः दोन्ही कडा.

गुण मोजण्यासाठी स्टेबलफर्ड पद्धत निवडावी. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरांच्या पद्धतीने पहिली स्पर्धा १९३२ साली वॉलसी येथे झाली, आणि वैद्यकाने खेळाडूंवर केलेल्या उपकारांत तिला वरचे स्थान द्यावे लागेल. १८ हँडिकॅपच्या खेळाडूला पार चारच्या होलवर सहा फटक्यांत एक गुण मिळतो. सातवा लागला की शून्य. सहाव्या फटक्यालाही चेंडू भोकात गेला नाही तर तो उचलून खिशात घालावा आणि चेहऱ्यावर मागच्या गटाची काळजी आणावी. पन्नास-साठ यार्डांवर असताना हे करणे अधिक उमदे दिसते.

सुरुवातीच्या होल्सवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. तिसऱ्याच्या ग्रीनसमोर पाणी आहे, नवव्याच्या ग्रीनपाशीही आहे, आणि या दोन्ही ठिकाणी पाहुणा आपले कर्तव्य बजावतोच. त्याचे मन मात्र दहाव्याकडे लागलेले असते.

दहावा होल पार चारचा, पण जेमतेम ३१० यार्डांचा. ग्रीन लांबट आणि अरुंद, समोर व डावीकडे पाणी, उजवीकडे झाडे. १९७८ साली सेव्हे बालेस्तेरोस यांनी टीवरून एकाच फटक्यात चेंडू या ग्रीनवर नेला, तोही लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने. तेव्हापासून या टीवर विवेक टिकलेला नाही. शास्त्रोक्त मार्ग सोपा आहे: मधल्या आयर्नने चेंडू फेअरवेवर ठेवावा, मग वेजने पाण्यावरून उचलून ग्रीनवर टाकावा. हा मार्ग सर्वांना ठाऊक असतो आणि दुसऱ्याला सांगितला जातो.

पाहुणा ड्रायव्हरच काढणार हे गृहीत धरून पुढील विधी दिला आहे. फटक्यापूर्वी सोबत्यांपैकी एकाला मोबाइलवर चित्रण करायला सांगावे, पण कॅमेरा खेळाडूवर रोखलेला असावा, चेंडूवर नव्हे. फटका मारल्यावर शेवटच्या पवित्र्यात तीन सेकंद स्थिर राहावे. डुबुक असा आवाज आला तर डोळ्यांवर हात धरून आणखी दूर पाहावे. पाण्यात गेल्याबद्दल एक दंड, म्हणजे पुढचा फटका तिसरा. “आता हात बसला” असे म्हणून पुन्हा टीवरून मारल्यास आणि तोही बुडाल्यास त्यापुढचा पाचवा. याच सुमारास शास्त्रोक्त मार्गाने गेलेला सोबती वेजच्या फटक्याने त्याच पाण्यात चेंडू घालतो. त्याचे सांत्वन करताना आवाजात आनंद येऊ देऊ नये.

अकरा ते सतरा हे होल्स चांगले आहेत.

अठराव्यावर तळे दोनदा ओलांडावे लागते: एकदा टीवरून तिरपे, दुसऱ्यांदा ग्रीनकडे जाताना. डावीकडून जितके धाडस करावे तितका पुढचा फटका आखूड होतो. ग्रीनला तीन पायऱ्या आहेत. चेंडू खालच्या पायरीवर आणि झेंडा वरच्या पायरीवर असा योग पाहुण्याच्या पत्रिकेत असतोच. येथे धीर देण्यास इतिहास उपयोगी पडतो. १९८९ च्या रायडर चषकात शेवटच्या दिवशी पेन स्टुअर्ट यांचा टीवरचा चेंडू या तळ्यात गेला. मार्क कॅल्कावेकिया यांचा टीवरचाही गेला आणि त्यापुढचाही. एकाने दीड महिन्यापूर्वीच पीजीए चॅम्पियनशिप जिंकली होती, दुसऱ्याने दोन महिन्यांपूर्वी ब्रिटिश ओपन. त्याच दिवशी क्रिस्टी ओकॉनर ज्युनियर यांनी दोन नंबरच्या आयर्नने चेंडू भोकापासून चारेक फुटांवर आणून ठेवला. पाहुण्याच्या पिशवीत दोन नंबरचे आयर्न नसल्यास ती ईश्वराची कृपा समजावी. २००२ साली युरोपला चषक मिळवून देणारा पट याच ग्रीनवर टाकल्यानंतर पॉल मॅकगिन्ली तळ्यात उतरले होते. विजय न मिळवता तळ्यात उतरण्याची प्रथा नाही.

खेळ संपल्यावर टोपी काढून सर्वांशी हस्तांदोलन करावे आणि एकमेकांच्या कार्डांवर सह्या कराव्यात. सही करताना दहाव्या होलचा आकडा मोठ्याने वाचू नये. चेंडूंचा साठा संपला असेल तर परतीच्या वाटेवर भरपाई करता येते. मैदानांच्या तळ्यांतून पाणबुड्यांकरवी चेंडू काढून, धुऊन, प्रतवारी लावून विकण्याचा धंदा त्या देशात रीतसर चालतो आणि भाव नव्या चेंडूंपेक्षा बराच कमी असतो. अशा ढिगात स्वतःच्या पेनची खूण असलेला चेंडू आढळला तर मालकीहक्काचा वाद घालू नये. खूण अंगठ्याखाली झाकून पैसे द्यावेत.