आधी डिक्टेशन बंद करा

वर्गात लॅपटॉप चालू द्यावा की नाही, हा वाद आता कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जुना झाला. एक बाजू म्हणते, पोरं नोट्सच्या नावाखाली भलतंच बघत बसतात. दुसरी म्हणते, जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण अजून दोनशे पानी वहीतच. माझ्या मते भांडण चुकीच्या वस्तूशी चाललंय. बंदी घालायचीच असेल तर डिक्टेशनवर घाला.

आपल्याकडे तास कसा होतो? हजेरी होते, जुनी फाईल उघडते आणि ‘घ्या लिहून’ सुरू होतं, स्वल्पविरामासकट. मागून ‘सर, पुन्हा सांगा ना’ येतं, तेच वाक्य पुन्हा वाचलं जातं. अशा तासात लॅपटॉप आला की फक्त वेग वाढतो. हाताने लिहिणाऱ्याला निदान काही गाळावं लागतं, आणि काय गाळायचं हे ठरवताना डोकं चालतं. टाइप करणाऱ्याची बोटं सरांना गाठतात. कानातून आलं, बोटांतून गेलं, डोक्यात थांबलंच नाही. मग सर फळ्याकडे वळून बेंझिनचं वलय काढतात आणि टकटक एकदम थांबते. मोबाईल वर होतो, फोटो निघतो. तो फोटो गॅलरीत पडून राहतो आणि वलय काढायचा हात काही तयार होत नाही.

अमेरिकेत पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी २०१४ साली हाताने आणि लॅपटॉपवर घेतलेल्या नोट्सवर अभ्यास प्रसिद्ध केला. लॅपटॉपवाल्यांचे शब्द जास्त भरले, पण शब्दाला शब्द. समज तपासणाऱ्या प्रश्नांत ते मागे पडले. पुढे इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले तेव्हा फरक तेवढा ठळक दिसला नाही. म्हणजे सगळा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही. कॅनडातल्या २०१३ च्या एका प्रयोगात मात्र दुसऱ्याचा भरकटलेला स्क्रीन ज्यांच्या नजरेसमोर होता, त्या शेजाऱ्यांचेही गुण घटले. म्हणून लॅपटॉपवाल्यांना मागच्या रांगेत बसवा. एवढा नियम पुरे.

चांगल्या नोट्स कशा होतात हे आपल्या वर्धेकरांना परक्याने सांगायला नको. १९२१ पासून वर्ध्यात आश्रम चालवणाऱ्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचनं दिली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक. ती लिहून घेतली साने गुरुजींनी, आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. गुरुजी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकलेले, प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेले. विषय आधीच अंगात मुरलेला, म्हणून बोलणाऱ्याचा धागा त्यांच्या हातून सुटला नाही. आपला विद्यार्थी धडा न वाचता वर्गात येतो, आणि त्याने वाचून यावं अशी अपेक्षाही कुणी ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, नई तालीमचा पाया घातला गेला. हाताला काम आणि मातृभाषेतून शिक्षण, हे तिचे मुख्य आग्रह. आज हिंगणघाटहून किंवा आर्वीहून येणाऱ्या पोराचा लॅपटॉप उघडून बघा. मराठीतून ऐकलेलं रोमन लिपीत उतरवलेलं असतं, नाहीतर अर्धवट इंग्रजीत. कारण मराठी कीबोर्ड त्याला कुणी शिकवलाच नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, इतकी सुटसुटीत रचना आहे. ‘दुसऱ्या’ लिहायला ऱ, हलन्त आणि य हा क्रम एकदा बोटांत बसला की कायमचा बसतो. विंडोजमध्ये हा कीबोर्ड आयता असतो, दमडी लागत नाही. नोट्स म्हणजे ऐकलेलं आपल्या वाक्यात मांडणं. आपलं वाक्य आपल्याच भाषेत सुचतं, आणि ते लिहिण्याची सोय आपण पोरांना करून देत नाही.

प्राध्यापकांनो, लिहून देणं थांबवा. ज्या नोट्स द्यायच्याच आहेत त्या आदल्या दिवशी झेरॉक्सला किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि तासाला समजावून सांगा, प्रश्न विचारा. प्राचार्यांनो, पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच मराठी टायपिंगचे चार तास ठेवा. आणि विद्यार्थ्यांनो, सर बोलतायत तोवर बोटं आवरा. मुद्दा संपला की दोन ओळी लिहा, पेनाने किंवा कीबोर्डने, पण स्वतःच्या. त्या दोन ओळी सुचत नसतील तर हात वर करा आणि विचारा. विचारण्यासाठीच वर्ग असतो.