चिरंजीव, आईचं नाव सांगा!

बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू. सहा वर्षांच्या चिरंजीवांना झोपेतून उठवून विचारलं तरी हे उत्तर चुकत नाही. पाहुणे आले की ते न विचारताही मिळतं. त्या देशाचं जुनं नाव अप्पर व्होल्टा होतं आणि ते १९८४ मध्ये बदललं, ही पुरवणी वडील जोडतात, आई व्हिडिओ काढते आणि पाहुणे तोंडात पोह्यांचा घास असतानाच ‘हुशार आहे हो!’ म्हणतात.

मग एखादी खवचट आत्या विचारते, ‘‘बाळा, आईचं नाव काय?’’

‘‘मम्मी.’’

‘‘आणि बाबांचं?’’ ‘‘पप्पा.’’ ‘‘राहतोस कुठे?’’ ‘‘घरी.’’ ‘‘फोन नंबर?’’ इथे चिरंजीव आईकडे बघतात, आई बाबांकडे बघते आणि बाबा चार्जिंगला लावलेल्या मोबाइलकडे.

म्हणजे चिरंजीव उद्या वागाडुगूत हरवले, तर काळजीचं काही कारण नाही. आपण कोणत्या देशाच्या राजधानीत उभे आहोत, हे ते तिथल्या पोलिसाला ठणकावून सांगतील. त्या पोलिसालाही ते ठाऊक असणार, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागणार नाही. अप्पर व्होल्टाचा विषय निघाला तर चहाही सांगितला जाईल. पंचाईत आहे ती दादरच्या पुलावर. तिथे संध्याकाळच्या गर्दीत आईचा हात सुटला, तर राजधान्या कोणी विचारत नाही. विचारतात ते नाव, पत्ता आणि नंबर, आणि तेवढाच भाग पोर्शनमध्ये नसतो.

गर्दीची आपल्याकडे टंचाई नाही. आषाढीचं पंढरपूर, अनंत चतुर्दशीची गिरगाव चौपाटी, चोवीस तास उलटले तरी न संपणारी पुण्याची विसर्जन मिरवणूक, शिवाय गावोगावच्या जत्रा. कर्ण्यावरून घोषणा होते : ‘एक मुलगा सापडला आहे. पिवळा शर्ट, निळी चड्डी. स्वतःचं नाव सोनू सांगतो, वडिलांचं पप्पा. पप्पांनी जिथे असतील तिथून स्टेजजवळ यावं.’ जत्रेतला निम्मा पुरुषवर्ग पप्पाच असतो आणि घरोघरी एक सोनू. बरं, ही घोषणाही लगेच होत नाही. तिच्याआधी महाप्रसादाच्या देणगीदारांची यादी वाचून व्हायची असते. ज्यांचं नाव राहिलं ते चिठ्ठी पाठवतात. ते नाव घेताना ‘कार्यसम्राट’चं ‘कार्यकुशल’ होतं, म्हणून दुसरी चिठ्ठी येते. मग दुरुस्ती होते, दिलगिरी होते, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होतात, रस्त्यात आडवी लावलेली पांढरी गाडी काढायला तीनदा सांगून होतं आणि तोवर सोनू स्टेजच्या पायरीवर रडून रडून झोपी जातो. अख्ख्या जत्रेत ज्या कर्ण्याचा एवढा एकच खरा उपयोग आहे, तो नेमका त्यासाठीच मोकळा नसतो. लाज वाटायला हवी! देणगीदाराचं नाव अर्ध्या तासाने घेतलं म्हणून त्याला काही होत नाही.

शाळेने ओळखपत्राची सोय केली आहे. ते गळ्यात असतं शाळेत, जिथे शिपाईमामांपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे चिरंजीवांना त्यांच्या प्रतापांमुळे ओळखतातच. जत्रेला निघताना ते घरी खुंटीवर. दप्तरावर मात्र नाव ठळक अक्षरांत छापलेलं, म्हणजे रस्त्यावरच्या कोणाही परक्याला नावाने हाक मारून ‘तुला न्यायला बाबांनी पाठवलंय’ म्हणता यावं.

पण या सगळ्यावर कडी करते ती भेंडी. ‘घास संपव, नाहीतर पोलिस पकडून नेतील,’ हे चिरंजीव दोन वर्षांचे असल्यापासून ऐकत आले आहेत. पूर्वी हे खातं बागुलबुवाकडे होतं, हल्ली ते खाकी वर्दीकडे वर्ग झालं आहे. भेंडी खाल्ली नाही, पोलिस. टीव्ही बंद केला नाही, पोलिस. दुपारी झोपला नाही, पोलिस. इतके गुन्हे नावावर असलेल्या मुलाला जत्रेच्या कमानीखाली आई बजावते, ‘हरवलास तर पोलिसकाकांकडे जा हं!’ जाईल कसा? भेंडीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही! वर्दी दिसताच तो रसवंतीमागे दडी मारतो. शोधायला आलेला हवालदार त्याला पकडायलाच आलेला वाटतो. चार वर्षं खपून आई-बापांनी पोराला नेमक्या मदतीच्या माणसापासून पळायला शिकवलेलं असतं आणि तरी पोर सापडलं की दोन धपाटे त्यालाच.

शिकवायचं ते फार नाही. हात सुटला तर धावत सुटायचं नाही, आहे तिथेच थांबायचं, कारण आई-बाबा शोधत आधी तिथेच परत येतात. त्यांना पूर्ण नावाने हाक मारायची, ‘मम्मी’ म्हटलं तर सगळ्याच बायका वळतात. मदत मागायची ती वर्दीतल्या पोलिसाकडे, दुकानाच्या गल्ल्यावरच्या माणसाकडे किंवा लेकुरवाळ्या बाईकडे. ‘चल, आईकडे नेतो’ म्हणणाऱ्याबरोबर पाऊल हलवायचं नाही. घरचा निरोप घेऊन कोणी आलंच तर आधी ठरलेला परवलीचा शब्द विचारायचा. मुलांसाठीचा मोफत, अहोरात्र चालणारा मदत क्रमांक १०९८ हा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला. दहा, नऊ, आठ असं उलटं मोजलं की तो पाठ. पोर सापडत नसेल तर चोवीस तास थांबावं लागतं, ही सिनेमांनी पसरवलेली समजूतही मोठ्यांनी सोडावी. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवायचा, असा दंडक २०१३ पासून आहे.

‘लहान आहे हो, नंबर कसा पाठ करणार?’ असं बाबा म्हणतात. वागाडुगू पेलणाऱ्याला दहा आकडे जड जातात! अडचण विद्यार्थ्याची नाहीच, शिक्षकाची आहे. बाबांना स्वतःलाच बायकोचा नंबर येत नाही. तो ‘बायको नवा नंबर’ या नावाने सेव्ह आहे.

तेव्हा येत्या रविवारी घराबाहेर पडण्याआधी दोन कामं करा. दारातच चिरंजीवांकडून आईचं पूर्ण नाव आणि नंबर म्हणून घ्या. अडखळले तर नंबराची चिठ्ठी त्यांच्या खिशात घाला. आणि भेंडी नाही खाल्ली तर नाही खाल्ली, त्यात पोलिसांना ओढू नका.